गंगथडीचं पाणी कुणाचं?

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. शेवगाव तालुक्याची उत्तरेकडची कड ही गंगथडी. जुन्या माणसांच्या लेखी पाण्याचा कारभार म्हणजे सामाईक विहिरीवरच्या मोटेच्या पाळ्या. भांडण झालंच, तर चार भाऊबंद बसून मिटवायचे.

18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ जायकवाडीची पायाभरणी केली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. साठा सुमारे 102 टीएमसी. भिंत पैठणला, पण फुगवटा आमच्या तालुक्यात चढला. काळ्या जमिनी बुडाल्या, गावं उठली. कालवे मात्र निघाले खाली मराठवाड्याकडं. ज्यांची रानं गेली, त्यांच्या डोळ्यांपुढं समुद्रासारखं पाणी अन् उरल्यासुरल्या रानात कोरड. त्या पाण्यासाठी पुढं ताजनापूरसारख्या उपसा योजनेची वाट बघावी लागली. पाणी ओसरलं की गाळपेर जमीन उघडी पडते. कधीकाळी स्वतःची असलेली जमीन सरकारकडून हंगामापुरती मागून घ्यायची!

दुसऱ्या अंगानं येतो मुळा धरणाचा उजवा कालवा. राहुरी, नेवासा भिजवत तो शेवगाव-पाथर्डीकडं येतो. म्हणजे आम्ही टेलचे. वरच्यांनी पाळी लांबवली की आमची ज्वारी वाळते.

म्हणून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद पेटला की शेवगावकराची पंचाईत होते. वरून पाणी सोडलं तर कालव्याला ओढ बसते. नाही सोडलं तर फुगवटा आटतो, अन् शेवगाव-पाथर्डीची पिण्याच्या पाण्याची योजना त्याच फुगवट्यावर. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं खोऱ्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही खालच्यांचा हक्क मान्य केला.

त्याच 2005 साली पाणीवापर संस्थांचाही कायदा झाला. पाणी मोजून घ्यायचं, पाळ्या शेतकऱ्यांनीच ठरवायच्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन बाईंना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते साधारण हेच दाखवून दिल्याबद्दल: वापरणारे लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती टिकवू शकतात. आमच्या मोटकऱ्यांना हे ठाऊक होतं. पण विहिरीवर चार भाऊबंद पुरत. इथं नाशिकपासून नांदेडपर्यंतचे भाऊबंद आहेत. त्या बैठकीत टेलच्या माणसाला अन् धरणग्रस्ताला बसायला जागा पाहिजे, एवढंच मागणं आहे.