घाटाचं डिझेल

बोरघाटातून गाडीरस्ता झाला 1830 साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. 1863 पासून घाटात आगगाडी धावू लागली आणि बराच माल रुळांवर गेला. रस्त्याला पुन्हा भाव आला तो स्वातंत्र्यानंतर. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले आणि बघता बघता मुंबई-पुण्याचा माल सहा टायरीवर चढला.

आमचं गॅरेज खोपोलीत, घाटाच्या पायथ्याला. वडिलांच्या काळापासून मुख्य काम ब्रेक लायनरचं. तेव्हाचा घाट अरुंद, गाड्या संथ. चढावर क्लीनर लाकडी ठोकळा हातात घेऊन मागच्या चाकाशेजारून चालायचा. ड्रायव्हर घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकून पुढे निघायचा. अपघात व्हायचे, पण बहुतेक वेळा काच फुटायची, गाडी गटारात जायची, कुणाचा पाय मोडायचा.

देशाचे आकडेही तेच सांगतात. 1970 साली सगळ्या वाहनांचे मिळून सुमारे 1,14,000 अपघात नोंदले गेले. 70,000 जखमी झाले, 14,500 गेले. 2022 साली अपघात 4,61,312, जखमी 4,43,366 आणि मृत्यू 1,68,491. अपघात चौपट झाले, मृत्यू साडेअकरा पट. पूर्वी एका मृत्यूमागे पाच जखमी असत, आता तीनही नाहीत. किरकोळ जखमांची नोंद पूर्ण होत नाही हे धरलं, तरी वेग आणि वजन वाढल्याचा हा हिशेब आहे. वजन तर कायद्यानंच वाढलं: 2018 साली चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. ओव्हरलोड गाडी दंड भरून तशीच पुढे सोडू नका, जादा माल तिथेच उतरवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 सालीच बजावलं होतं.

घाटही बदलला. सहा पदरी द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. वाहतूक कोंडीला आणि अपघातांना कारण ठरलेला जुना अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला. उतारावर गाडी मात्र आजही जुन्याच कारणानं ताब्याबाहेर सुटते.

पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ लिहिलेलं असतं. चाक उघडलं की खरी हकीकत कळते. ड्रम निळसर पडलेला, आतून बारीक तडे गेलेले. लायनर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, हातात घेतलं तर कोपरा तुटून येतो. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, लायनर पकड सोडतं. इंजिनच बंद केलं असेल तर कॉम्प्रेसरही थांबतो. मग पुन्हा पुन्हा पेडल दाबलं की टाकीतली हवा संपते. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ कात्रजच्या उतारावरून आलेल्या ट्रकनं एकामागून एक गाड्या उडवल्या, तेव्हा तपासात हेच कारण पुढे आलं.

ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल का करतो? त्याला वेड लागलेलं नसतं. मालक फेरीला डिझेल मोजून देतो. वाचलं ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्याच खिशातून. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम, हा नियम मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 सालीच कायद्यानं झाला. माझ्या बाकड्यावर चहाला बसलेल्या एकाही ड्रायव्हरला तो लागू झालेला मी पाहिला नाही.

गंमत अशी, की ही बचतही खोटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर आजच्या इंजिनात उतारावर डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वडील नव्या पोरांना सांगायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. आजच्या ताकदवान गाडीला तर उतरताना त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो.

गाडीमालकांना माझं एवढंच सांगणं आहे: ड्रायव्हरला पगार पगारासारखा द्या, त्याचा संसार डिझेलच्या बचतीवर ठेवू नका. लायनर मी तासाभरात बदलून देईन, पण हा हिशेब तुम्हालाच बदलावा लागेल.