बनावट मूर्ती, वीट आणि किरणोत्सर्गाची मात्रा

किरणोत्सर्गाने दूषित झालेल्या परिसरातल्या माणसांना किती मात्रा मिळाली, हे अनेक वर्षांनी ठरवायचे तर घरांच्या विटा तपासता येतात. या तंत्राचा कळीचा भाग अणुसंस्थांमध्ये नव्हे, तर बनावट मृत्पात्रे आणि मूर्ती ओळखण्याच्या खटपटीत तयार झाला.

मूळ गुणधर्म जुनाच. तापवलेला हिरा अंधारात उजळतो, हे रॉबर्ट बॉइलने १६६३ मध्ये नोंदवले होते. १९५३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील फॅरिंग्टन डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी या तापदीप्तीवरून किरणोत्सर्ग मोजता येईल आणि मृत्पात्रांचे वयही काढता येईल, असे सुचवले. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या नैसर्गिक किरणांमुळे क्वार्ट्‌झच्या कणांत इलेक्ट्रॉन अडकून साठत जातात. भट्टीत भाजताना हा साठा रिकामा होतो आणि तिथून नवी मोजणी सुरू होते.

१९६३ मध्ये हिगाशिमुरा, इचिकावा आणि सिदेई यांनी हिरोशिमाच्या कौलांवरून अणुबाँबच्या किरणांची मात्रा काढली. पुरातत्त्वाचे ऋण नाकारणारे याच प्रयोगाकडे बोट दाखवतात. डॅनियल्स मुळात किरणोत्सर्ग मोजणारेच, कौले त्या कामाचा पुढचा टप्पा. पुरातत्त्वाने फक्त वाटेत हजेरी लावली, असे त्यांचे म्हणणे. गुणधर्मापुरते ते खरे आहे. पण खरी अडचण गुणधर्माची नव्हतीच, ती वजाबाकीची होती. स्फोटाजवळच्या कौलात मात्रा मोठी, म्हणून नैसर्गिक वाटा वजा करताना थोडी चूक झाली तरी चालते. दूरच्या गावात मात्र मोजायची मात्रा दोनअंकी मिलिग्रे आणि विटेला दरवर्षी निसर्गाकडून मिळणारी मात्रा काही मिलिग्रे. शंभर वर्षांच्या विटेत निसर्गाचा वाटाच सगळे गिळून टाकतो.

तोडगा ऑक्सफर्डहून आला. तिथल्या स्टुअर्ट फ्लेमिंग यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: समोरची वस्तू काही शतकांपूर्वीची की कालपरवाची नक्कल? इतक्या तरुण वस्तूत साठा तुटपुंजा असतो. क्वार्ट्‌झमध्ये ११० अंश सेल्सियसच्या आसपास एक दीप्ती दिसते; तिचा साठा साध्या खोलीच्या तापमानात काही तासांतच ओसरतो, म्हणून वय काढायला ती निरुपयोगी. पण कण सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवले की याच दीप्तीची संवेदनशीलता वाढते आणि ती वाढ आधी मिळालेल्या एकूण मात्रेच्या प्रमाणात असते. दीप्ती विसरते, कण विसरत नाही. १९७३ मध्ये फ्लेमिंग यांनी यावर उभारलेली ‘पूर्वमात्रा’ पद्धत मांडली. पुढे हिरोशिमाची कौले पुन्हा तपासताना आणि नेव्हाडातील अणुचाचण्यांची धूळ जिथे पसरली त्या युटातील विटा तपासताना तीच कामी आली. वजाबाकी मात्र उलटी झाली: पुरातत्त्वज्ञाला निसर्गाचा वाटा हवा असतो, मात्रा शोधणाऱ्याला तो काढून टाकल्यावर उरलेली बाकी.

मात्रा ठरवण्याची दुसरी वंशावळ गणिताची आहे. अमेरिकेतील हॅनफर्डच्या अणुकारखान्यातून सुटलेल्या आयोडीन-१३१ चा माग हवेतून गवतावर, गवतातून गायीत, दुधातून लेकरांच्या थायरॉइडपर्यंत काढला गेला. आठ दिवसांत निम्म्यावर येणारे हे आयोडीन शोधायला वीट कुचकामी, म्हणून इथे गणिताला पर्याय नाही. मात्र जिथे वीट बोलू शकते तिथे गणिताने तिच्यासमोर उभे राहावे, हेच योग्य. रशियातील तेचा नदीत मायाक कारखान्याने १९४९ ते १९५६ दरम्यान द्रवरूप किरणोत्सर्गी कचरा सोडला. सुमारे सात किलोमीटर खालच्या मेत्लिनो गावाच्या जुन्या इमारतींतील विटांवरून नदीकाठच्या गॅमा किरणांचे हिशेब पडताळून पाहता आले.

या साक्षीला मर्यादा आहे. वीट फक्त बाहेरून आलेल्या किरणांचे सांगते. पाण्यातून आणि दुधातून हाडांत गेलेले स्ट्रॉन्शियम-९० तिला ठाऊक नसते. त्यासाठी दातांकडे वळावे लागते. एनॅमलमधील किरणांचा ठसा इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सने वाचता येतो, ही सूचना १९६८ मध्ये पुढे आली. तेचाकाठी मात्र त्या काळात ज्यांचे दात घडत होते त्यांच्या दातांतच स्ट्रॉन्शियम मुरले. ते आतूनच एनॅमलवर मारा करत राहते. अशा दाताचा आकडा बाहेरच्या किरणांची मात्रा म्हणून धरता येत नाही. म्हणून तिथे विटा, दात आणि अंगातील स्ट्रॉन्शियमची थेट मोजणी हे तिन्ही एकत्र लावावे लागतात.