कातारी, त्याची दोरी आणि कालिदासाचा सूर्य

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत नेतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगितले जाते. कौतुक होते ते बैलाचे. त्याचे डोळे, वशिंड, शिंगांचा डौल सगळे न्याहाळतात, चाकांकडे मात्र कोणी पाहत नाही. बैल घडवण्याची रीत आणि गोल चाक घडवण्याची रीत यांत मोठा फरक आहे. बैल घडवताना लाकूड स्थिर असते आणि वाकस किंवा पटाशी फिरते. चाक, लाटणे, पाळण्याचे दांडे किंवा बुद्धिबळाची प्यादी खरादावर करताना हत्यार जवळजवळ स्थिर असते आणि लाकूडच फिरते. हे काम करणारा तो कातारी. विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे खरादी हा शब्दही चालतो.

मराठीत सूत काततात आणि लाकूडही काततात. नितळ, घोटीव अवयवांच्या माणसाला आपण ‘कातीव देहाचा’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला नकळत खरादावर चढवलेले असते. ही उपमा किती जुनी असावी?

ती कालिदासाच्या ‘रघुवंशा’त आहे, आणि तीही विदर्भात घडणाऱ्या प्रसंगात! सहाव्या सर्गात विदर्भाच्या राजाची बहीण इंदुमती हिचे स्वयंवर मांडले आहे. सुनंदा एकेका राजाची ओळख करून देते. अवंतीच्या राजाजवळ आल्यावर ती त्याची रुंद छाती आणि बारीक, गोलसर कंबर दाखवते आणि म्हणते, की त्वष्ट्याने फिरत्या यंत्रावर चढवून जपून कातलेला सूर्यच जणू! यामागे पुराणातली कथा आहे. सूर्याचे तेज त्याच्या पत्नीला, संज्ञेला सोसवेना. तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे विश्वकर्म्याने, जावयाला खरादावर धरले आणि त्याचे थोडे तेज तासून काढले. विष्णुपुराणात हा भाग एक अष्टमांश सांगितला आहे. खाली पडलेल्या तेजातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ अशी आयुधे घडवली. (इतका मोलाचा भुसा दुसऱ्या कोणत्याही कातकामात निघाला नसेल.) ही कथा ऐकणाऱ्यांना खराद परिचयाचा होता, एवढे तरी त्यावरून नक्की म्हणता येते. न पाहिलेल्या यंत्राची उपमा कोणी देत नाही.

लाकडाच्या इतिहासात अशा शब्दांच्या पुराव्यांवर फार भिस्त ठेवावी लागते, कारण प्रत्यक्ष वस्तू टिकत नाहीत. वाळवी, ओल आणि आग. नागपूरकर भोसल्यांचा कोरीव लाकूडकामाने नटलेला राजवाडा १८६४ साली जळाला. एका राजवाड्याची ही गत, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी डबीची काय कथा?

पण शब्दांचा पुरावा कधीकधी वस्तूपेक्षाही जास्त बोलतो. पाली त्रिपिटकातील सतिपट्ठान सुत्त अनेकांना ठाऊक असेल. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे तर ते अपरिचित नाही. श्वासाकडे लक्ष कसे द्यावे, हे सांगताना बुद्ध त्यात कातारी आणि त्याच्या शिष्याचे उदाहरण देतात. पालीत त्याला ‘भमकार’ म्हणजे फिरवणारा असा शब्द आहे. कुशल भमकार लांब ओढतो तेव्हा आपण लांब ओढतो आहोत हे त्याला कळत असते आणि आखूड ओढतो तेव्हा तेही कळत असते, तसेच साधकाने लांब आणि आखूड श्वासाविषयी जागे असावे, असा त्याचा आशय. त्रिपिटक श्रीलंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून काढले गेले. त्याआधी ते मुखोद्गत होते. म्हणजे ही उपमा निदान तेवढी जुनी.

यात खरी गंमत क्रियापदाची आहे. तिथला शब्द ‘ओढणे’ हा आहे, ‘फिरवणे’ नाही. आज आपल्या डोळ्यांसमोर विजेवर एकाच दिशेने गरगरणारा खराद येतो, त्यात ओढायचे काय? जुन्या खरादात मात्र दोन टोकदार खिळ्यांमध्ये लाकडाचा तुकडा धरत आणि त्याला दोरीचे दोनएक वेढे देत. एक टोक ओढले की लाकूड एका दिशेला फिरे, दुसरे ओढले की उलट. दोरी शिष्य ओढे, किंवा ती धनुष्याला बांधून कातारीच एका हाताने पुढेमागे करी. लाकूड हत्याराकडे येत असेल तेव्हाच ते कापले जाते. उलट फेऱ्यात हत्यार किंचित मागे घ्यायचे. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ विसावा. श्वास आणि उच्छ्वास यांना याहून जवळची उपमा सापडणे कठीण.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने या सुत्तावर भाष्य लिहिले. तो सांगतो, की नगाऱ्यासारखी मोठी वस्तू कातताना कारागीर हातपाय पसरून लांब ओढतो, आणि हस्तिदंताच्या सुयांच्या नळीसारखी बारीक वस्तू कातताना हळूहळू, आखूड ओढतो. हे असे का, हे आपण वर्गात गणिताने तपासू शकतो. दोरी वस्तूवरच गुंडाळली आहे असे धरा. नळीचा व्यास २ सेंमी असेल तर परिघ सुमारे ६.३ सेंमी. दोरी ३० सेंमी ओढली की जवळजवळ पाच फेरे मिळतात. नगाऱ्याच्या खोडाचा व्यास २५ सेंमी धरला तर परिघ ७८.५ सेंमी. तीच ३० सेंमी ओढ दिली तर अर्धा फेरासुद्धा होत नाही! हातपाय पसरल्यावाचून इलाज नाही. दोरी वेगळ्या बारीक दांड्यावर गुंडाळली तर फेरे वाढतील, पण मग ओढायला जोर अधिक लागेल. तरफेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

भाष्यातले ‘हातपाय’ हेही सहज आलेले नाहीत. आपल्याकडचा परंपरागत कातारी जमिनीवर बसून काम करी. एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातात पटाशी, आणि पटाशीचे पाते पायाच्या बोटांनी आवळून धरलेले. युरोपातल्या कारागिराने उभे राहणे पसंत केले. वर एक लवचीक दांडी, खाली पायटा, मध्ये दोरी. पाय दाबला की लाकूड फिरे आणि दांडी ते परत ओढून घेई. दोन्ही हात हत्याराला मोकळे. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, सुमारे इ.स.पू. ३०० च्या शिल्पात, दोन माणसे मिळून खराद चालवताना दिसतात. एक दोरी ओढतो, दुसरा हत्यार धरतो. म्हणजे आपल्या भमकाराची आणि शिष्याचीच जोडी. सलग एका दिशेने फिरणारा, जड चाक लावलेला खराद लिओनार्दोच्या वहीत पंधराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्लेने हत्यार माणसाच्या हातातून काढून सरकत्या लोखंडी बैठकीत घट्ट बसवले आणि एकसारखे आटे पाडणारे यंत्र तयार केले. यंत्रांच्या इतिहासाची पुस्तके मॉड्स्लेचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याने हत्याराला दिलेली स्थिरता त्याआधी दोन हजार वर्षे माणसाच्या मनगटात आणि पायाच्या बोटांत होती, हे त्यात येत नाही याची खंत वाटते.

त्या मनगटांच्या मालकांची नावे आपल्याला मिळत नाहीत. विनयपिटकात मात्र एकाची हकीगत आहे, तीही निनावी. कपिलवस्तूच्या एका हस्तिदंत कारागिराने भिक्षूंना सांगितले, ज्याला सुयांची नळी हवी त्याला मी ती देईन. भिक्षूंनी इतक्या नळ्या मागितल्या की त्याला विकण्याजोगे दुसरे काही करायला वेळच उरेना. त्याचे पोट भरेना आणि बायकोमुलांचे हाल होऊ लागले. लोकांत बोभाटा झाला. तेव्हा हाड, दात किंवा शिंग यांची नळी भिक्षूने करवून घेऊ नये, घेतल्यास ती मोडून टाकावी, असा नियम बुद्धांनी घातला. कारागिराच्या उदारपणालाही वेळेची आणि पोटाची मर्यादा असते, हे ध्यानात घेऊन केलेला इतका जुना नियम माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

कातकामाचे उत्तम नमुने आजही दूर नाहीत. सावंतवाडीची चितार आळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. नागपूरहून भोपाळकडे जाताना लागणाऱ्या बुधनीत दुधीच्या लाकडाची खेळणी होतात. आंध्रातल्या एटिकोप्पाका गावात सी. व्ही. राजू यांनी वनस्पतींपासून केलेल्या रंगांची परंपरा पुन्हा उभी केली. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथली खेळणी अंकुडूच्या लाकडाची होतात. अंकुडू म्हणजे आपला काळा कुडा. नाव काळा असले तरी लाकूड पांढरे आणि बारीक पोताचे! विदर्भाच्या जंगलातही तो आहे. रंग ब्रशने देत नाहीत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडाला धरते, आणि मग केवड्याच्या पानाने तिला झिलई येते. लाख देणारे किडे पळस आणि कुसुम या झाडांवर पोसले जातात. लाकूड, रंग, पॉलिश सगळे रानातून आणि भट्टी म्हणून नुसते घर्षण!

ओल्या लाकडाचे भांडे कातले तर काही दिवसांत त्याचे तोंड लंबगोल होते. कारण लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. खोडाची आडवी चकती कापून केलेल्या चाकाला याच कारणाने परिघाकडून गाभ्याकडे तड जाते. म्हणून जाणकार कारागीर भांडे आधी जाड कातून काही महिने वाळू देतो आणि मगच अखेरचा हात फिरवतो.

मुलांना घरून लाटणी आणायला सांगा. काहींच्या दोन्ही टोकांना अगदी मधोमध एक बारीक खळगा सापडेल. खरादाचे खिळे तिथे होते. टोके घासून टाकलेली असतील तर खळगा दिसणार नाही. मग भिंगातून लाटण्याचा मधला भाग तिरप्या उजेडात पाहा. आडव्या, एकमेकींना समांतर अशा फार बारीक रेषा दिसतील.