मेस्त्रीची पत

"इंजिन उघडायचंय, भरवशाचा मेस्त्री कोण?" कोल्हापुरात हा प्रश्न लोक मला फार विचारतात. मी काही मोटरसायकलचा मेस्त्री नाही. शिवाजी उद्यमनगरात माझं बोअरिंगचं मशीन होतं. माझ्या पुढ्यात यायचं ते नुसतं सिलिंडर आणि, आला तर, पिस्टन. पण कोण काय घेऊन येतो, यावरून गॅरेजवाल्याची पत मला बसल्या जागी कळायची.

उद्यमनगर वसलं ते मोटरसायकलींसाठी नव्हे. शेतीपंपाची ऑइल इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक, ओतकाम हा इथला मूळ धंदा. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, साठीच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. गाड्या खेडोपाडी पोचल्या, कंपनीचं वर्कशॉप मात्र मोठ्या शहरात. मग गाडी बिघडली की जायचं कुठं? जिथं लेथ होता तिथं. ऑइल इंजिनाचा लायनर बोअर करणाऱ्याला बुलेटचं ७० मिलिमीटरचं सिलिंडर किंवा जावाचं ६५चं काय अवघड! आमच्याकडं मोटरसायकल दुरुस्तीचा धंदा असा शेतीच्या इंजिनाच्या पोटातून निघाला. गॅरेजवाला हा त्यातला दर्शनी माणूस. पोरगा म्हणून लागायचं, रॉकेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुवायचे, पाने हातात द्यायचे, शिव्या खायच्या आणि एक दिवस मेस्त्री व्हायचं. आयटीआयचा कागद फार थोड्यांकडं असे.

काम स्वस्तात व्हायचं याचं श्रेय लोक मेस्त्रीच्या चांगुलपणाला देतात. मला ते अर्धवट वाटतं. इंजिनंच दुरुस्तीसाठी बनवलेली होती. सिलिंडर ओतीव लोखंडाचं. झिजलं की थोडं मोठं करायचं आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक, असे वाढीव मापाचे पिस्टन दुकानात मिळायचे. शेवटचं मापही संपलं की आत नवीन लायनर ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचं. एकाच सिलिंडरवर बापानं आणि मुलानं गाडी चालवल्याची उदाहरणं आमच्या गल्लीत होती.

सगळ्यात जास्त काम दिलं ते राजदूतनं. दूधवाल्यांची लाडकी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन, वर आणखी एखादा पाहुणा. टू-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. तिथं काटकसर केली, की पिस्टन जाम. सिलिंडर माझ्याकडं यायचं तेव्हा आतल्या भिंतीला ॲल्युमिनियमचे ओरखडे चिकटलेले असायचे. मेस्त्री म्हणायचा, "मालक, ऑइल घालत जावा की हो," आणि मालक माझ्याकडं बघायचा, जणू ओरखडे मीच पाडलेत.

आता पत कशी कळायची ते सांगतो. सिलिंडरच्या वरच्या टोकाशी आतून नख फिरवलं की रिंग जिथवर पोचते तिथं एक कंगोरा लागतो. कंगोरा जाड, तर झीज जास्त. मग बोअर गेज घालून वर, मध्ये, खाली आडवं-उभं माप घ्यायचं. पिस्टनचं माप वेगळं, मायक्रोमीटरनं, खालच्या घेराला, पिनेच्या काटकोनात. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत राखायची. म्हणून पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर मारूच नये. चांगला मेस्त्री नवा पिस्टन सोबत आणायचा, मशीनशेजारी उभा राहायचा, परत जाऊन रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायचा आणि तिच्या टोकांतली फट फीलर गेजनं बघायचा. दुसरा नुसतं सिलिंडर पाठवून द्यायचा, "पन्नासचं मारा" असा निरोप. तिसरा तर यायचाच नाही. तो जुन्याच सिलिंडरमध्ये नव्या रिंगा घालायचा आणि गिऱ्हाईकाकडून बोअरचे पैसे घ्यायचा. असली गाडी काही महिन्यांत पुन्हा धूर ओकायची. तेव्हा ती माझ्याकडं यायची. सिलिंडरच्या भिंतीवर, बोअरनंतर होनिंग केल्यावर उमटतात त्या तिरक्या रेघांचा मागमूस नसायचा.

या लबाडीवर गिऱ्हाईकांनीच एक रिवाज पाडला होता. गॅरेजच्या बाकड्यावर बसून राहायचं, इंजिन डोळ्यांदेखत उघडायला लावायचं आणि निघालेले जुने पार्ट फडक्यात बांधून घरी न्यायचे. मेस्त्रीलाही त्याचा राग येत नसे. चोख मेस्त्री तर न मागता जुना पिस्टन हातावर ठेवायचा.

१९८५ला हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, ५० मिलिमीटरचं बोअर, ९७ सीसी. ऑइल वेळेवर बदललं की इंजिनाला वर्षानुवर्षं हात लावायला नको. माझं काम कमी झालं ते तेव्हापासून. लोक यासाठी गाडीतल्या संगणकाला दोष देतात, तो खूप नंतरचा. २०२०च्या बीएस-सिक्स प्रदूषण-नियमांनंतर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, पण पिस्टन आणि रिंग तशाच झिजतात. खरा फरक सिलिंडरच्या आत पडलाय. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तिथं नेहमीसारखं बोअर मारता येत नाही. मुलामा गेला की बहुधा अख्खा ब्लॉकच बदलावा लागतो. अशा गाडीला स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना मात्र आजही बोअर मारता येतं. तेव्हा इंजिन देताना मजुरीची घासाघीस नंतर करा. बोअर कुठं मारणार ते आधी विचारा, नवा पिस्टन घेऊन मेस्त्रीबरोबर तिथवर जा, आणि जुना पिस्टन मागून घरी आणा. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून गाडी तशीच उचला.