रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतं का? वेदनेच्या प्रकारांचा इतिहास

"डॉक्टर, एक्स-रे नॉर्मल आला. मग माझं दुखणं काय खोटं आहे?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. उत्तर सोपं आहे : नाही, खोटं नाही. पण इतकं ठामपणे सांगता यायला वैद्यकशास्त्राला तीनशे वर्षं लागली.

दोरी आणि घंटा

सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत रेने देकार्त याने वेदनेची तुलना घंटेच्या दोरीशी केली. पायाला विस्तव लागला की दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. त्याचं हे लेखन 1662 मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. कल्पना पटण्यासारखी होती, त्यामुळे ती फार काळ टिकली. जितकी मोठी जखम तितकी जास्त वेदना आणि जखम नाही तर वेदनाही नाही, हा हिशेब तिथूनच घट्ट झाला. आपल्यापैकी अनेकजण आजही तोच हिशेब धरतात.

नसलेला पाय दुखतो

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861 ते 1865) हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियात सायलस वेअर मिचेल हे डॉक्टर अशा जखमींवर उपचार करत होते. कापलेला पाय आपल्याला अजून जाणवतो, दुखतो, असं सैनिक सांगत. मिचेल यांनी 1871 मध्ये या अनुभवाला 'फॅन्टम लिंब' हे नाव दिलं. गोळीने नस दुखावलेल्या काहींची जखम भरून यायची, पण आग थांबायची नाही. ते हातावर सतत ओलं फडकं ठेवत. म्हणजे दुखणं जखमेचं नव्हतं, ते नसेचं होतं.

जखम मोठी, वेदना कमी

दुसऱ्या महायुद्धात याच्या उलट अनुभव आला. इटलीत हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामक नको असं सांगितलं. बीचर यांच्या मते या सैनिकांसाठी जखम म्हणजे युद्धातून सुटका होती. त्याच जखमेचा अर्थ बदलला की वेदनाही बदलते.

हे कोडं उलगडण्याचा मोठा प्रयत्न 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी केला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि ते वेदनेचे संदेश कमी-जास्त करतं, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या सिद्धांतात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण दोरीची कल्पना मागे पडली. गुडघा आपटला की आपण तो चोळतो आणि बरं वाटतं, ते यामुळेच.

तुमची वेदना कोणती?

आज आपण मुख्यतः तीन प्रकार मानतो.

1. इजा किंवा सुजेमुळे होणारी : मुरगळलेला पाय, पिकलेलं गळू, झिजलेला गुडघा. ही ठणकते, ठसठसते.
2. नसेची : मधुमेहात तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावरची जळजळ, सायटिकाची कमरेतून पायात जाणारी सणक. मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं.
3. वेदनायंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्यामुळे होणारी, उदाहरणार्थ फायब्रोमायल्जिया. या प्रकाराला 2017 मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. यात तपासण्या बहुधा नॉर्मल येतात, पण वेदना खरी असते.

एकाच व्यक्तीत दोन प्रकार एकत्रही असू शकतात. प्रकारानुसार औषध बदलतं. नसेच्या वेदनेवर नेहमीच्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. तिथे फिट्सवर किंवा नैराश्यावर वापरली जाणारी काही औषधं कमी मात्रेत देतात. त्यामुळे औषधाची माहिती वाचून "मला काय वेड लागलंय का?" असं म्हणत गोळी बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मनाने पेनकिलर घेत राहिलात, तर पोटात अल्सर होऊ शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर प्रकार ओळखत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठा.

मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेचं वर्णन करणाऱ्या 78 शब्दांची प्रश्नावली तयार केली, कारण रुग्णाचे शब्द निदानाला मदत करतात. आपल्या मराठीत तर कळ, चमक, सणक, ठणका, शूळ, आग असे कितीतरी शब्द आहेत. पुढच्या वेळी नुसतं "दुखतंय" म्हणू नका. कसं दुखतं, कधी वाढतं, कशाने थांबतं, हे तुमच्या शब्दांत सांगा. एक्स-रेत न दिसणारी गोष्ट बऱ्याचदा तिथेच सापडते.