तबल्यावर कोण होतं?

आमच्या घरात एक जुनी कॅसेट आहे, लोकगीतांची. कव्हरवर गायकाचा फोटो, मग गीतकार, संगीतकार आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'साथ : वाद्यवृंद'. त्यात ढोलकी माझ्या थोरल्या काकांची. पाहुणे आले की काका कॅसेट काढायचे, त्या शब्दावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हा वाद्यवृंद म्हणजे मी." सगळे हसायचे, काकासुद्धा. आता काका नाहीत. कॅसेट माझ्याकडे आहे. पण ही ढोलकी आमच्या काकांची, हे कुणाला सांगायचं तर दाखवणार काय?

हे आठवायचं कारण बीटल्स. हो, तेच लंडनचं राज्य गाजवणारे लिव्हरपूलचे चौघे. गेले काही दिवस त्यांच्या रेकॉर्डवर वाजवून गेलेल्या भारतीय वादकांबद्दल वाचतोय. त्यातली पहिलीच गोष्ट आपल्या माणसाची वाटावी अशी आहे.

एप्रिल १९६६. लंडनमध्ये राहणाऱ्या अनिल भागवत या तबलजींना फोन आला. फोन करणारे आयाना अंगडी, तिथे एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था चालवायचे. आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय, एवढंच बोलणं. कोण जॉर्ज ते भागवतांना कळलं नाही. न्यायला दारात रोल्स रॉईस आली तेव्हा उलगडा झाला. स्टुडिओबाहेर बीटल्सची वाट बघत मुली थर्मास आणि सँडविच घेऊन बसलेल्या. आत जॉर्ज हॅरिसननं त्यांना सोळा मात्रांत वाजवायला सुचवलं आणि बाकी तुमच्या मनानं वाजवा म्हणाला. गाणं होतं 'लव्ह यू टू'. ऑगस्टमध्ये 'रिव्हॉल्व्हर' अल्बम आला आणि त्याच्या कव्हरवर चक्क छापलं होतं : तबला, अनिल भागवत. बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं त्या काळी फार दुर्मिळ. पुढे भागवतांनी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या छापील नावाचा त्यांना किती अभिमान आहे हेही सांगितलं.

आता पुढचं वर्ष बघा. मार्च १९६७, तोच स्टुडिओ, तोच जॉर्ज. गाणं 'विदिन यू विदाऊट यू'. वादक पुन्हा एशियन म्युझिक सर्कलकडूनच आले. दिलरुबा, तंबोरा, तबला. अल्बम 'सार्जंट पेपर'. रॉकच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं कव्हर याचंच असेल. पुढच्या बाजूला जगभरच्या नामवंतांची गर्दी, त्यात परमहंस योगानंदांसकट चार भारतीय योगी. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. एवढं सगळं मावलं, पण तबल्यावर कोण बसलं होतं याला जागा झाली नाही. ती नावं लोकांसमोर यायला २०१७ उजाडलं, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं. दिलरुबावर अमृत गज्जर आणि अण्णा जोशी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी.

तिसरी गोष्ट तर आपल्या मुंबईतली. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत करायला मुंबईत आला. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काही दिवस ध्वनिमुद्रण चाललं. सरोदवर आशिष खान, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा. सनईवर हनुमान जाधव. त्याच मुक्कामात एका जादा गाण्याची वाद्यं वाजवून घेतली, ते 'द इनर लाइट'. आवाज नंतर लंडनला भरला. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या नावावरच्या या गाण्यात एकही वाद्य बीटल्सपैकी कुणी वाजवलेलं नाही. सगळं मुंबईत वाजलं. पण रेकॉर्डच्या लेबलवर त्या वादकांपैकी कुणाचंच नाव नाही.

परिणाम काय? त्या गाण्यात बासरी कुणाची, याला एका पुस्तकात हरिप्रसाद चौरसियांचं नाव मिळतं, दुसरीकडे एस. आर. केंकऱ्यांचं. आणि सनईवाले हनुमान जाधव? इंग्रजी पुस्तकांतून ते 'जादेव' होऊन फिरतात. आपल्याकडच्या कुणी शोधायचं ठरवलं तर जाधव हुडकणार की जादेव?

कुणी म्हणेल, गोऱ्यांनी आपल्या लोकांवर अन्याय केला. एवढं सोपं नाही ते. गोऱ्यांच्या गोऱ्यांशीही हेच चालायचं. त्याच १९६८मध्ये 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये एरिक क्लॅप्टननं गिटार वाजवली, कव्हरवर नाव नाही. पण क्लॅप्टनचं काय बिघडलं? तो आधीच मोठा होता, बातमी आपोआप पसरली. रोलिंग स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर'मध्ये जिचा आवाज अंगावर काटा आणतो त्या मेरी क्लेटनचं नाव छापलं, पण स्पेलिंग चुकवून. आणि क्लेअर टॉरी. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या अल्बममधल्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये एकही शब्द न उच्चारता ती जे गायली, ते तिनं माइकसमोर उभं राहून जागच्या जागी रचलं होतं. मोबदला ३० पौंड. कव्हरवर गायिका म्हणून नाव आलं, पण रचनेत वाटा नाही. २००४मध्ये ती कोर्टात गेली, २००५मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात तिचंही नाव लागतं. बत्तीस वर्षांनी.

सेशनचे पैसे घेतले, विषय संपला, असा तेव्हाचा रिवाज होता हे मान्य. वादकही कुरकुर करत नसत, पुढचं काम जायची भीती. आपल्या हिंदी सिनेमात तरी वेगळं काय होतं? गोव्याहून आलेल्या सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा कलावंतांनी कितीतरी गाण्यांची वाद्यरचना केली, वाजवलं. गाणी आपल्याला पाठ आहेत, पण यातली किती नावं पाठ आहेत?

आता रिवाजावर सोडायचं कारण नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती झाली. कलम ३८ ब प्रमाणे, हे सादरीकरण माझं आहे असं ओळखलं जाण्याचा हक्क कलाकाराला आहे. त्यात वापराच्या पद्धतीमुळे नाव देणं शक्य नसेल तर सूट आहे, ठीक आहे. पण यूट्यूबवर गाण्याखाली पानभर लिहायला जागा असते. तिथे प्रायोजकाचं नाव येतं, शुभेच्छुकांची रांग येते, कॅमेऱ्यावाल्याचा मोबाइल नंबर येतो. ढोलकीवाल्याचं नाव यायला काय अडचण आहे?

म्हणून एक विनंती. आपल्या गावात, वॉर्डात दर गणपतीला नवीन गाणी निघतात. मंडळाचे कार्यकर्ते, भजनी मंडळवाले, शाळेत स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग करणारे, तुमच्यापैकी कितीतरी जण हे वाचत असाल. गाणं चढवताना वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. पूर्ण लिहा, आणि त्याला विचारून लिहा, म्हणजे जाधवांचे जादेव होणार नाहीत. पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

आणि तुमच्या घरातही असं कुणी असेल, जे कुठल्यातरी गाण्यात वाजतंय पण कुठेच छापलेलं नाही, तर त्यांचं नाव, वाद्य आणि गाणं खाली लिहा. सुरुवात मी करतो. त्या कॅसेटची ए बाजू, पहिलं गाणं. ढोलकी : आमचे काका. नाव घरच्यांना विचारून आज रात्री टाकतो, त्यांना सगळे टोपणनावानंच ओळखायचे. पूर्ण नाव नीट लिहायचंय.