येझदीचं मिसिंग

द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी, त्यामुळे आमच्या औंढ्यातली येझदी आजही जुन्या हायवेनेच बोरघाट चढते. चढावर मिसिंग सुरू झालं की पोरं आधी कार्बोरेटर खोलतात. मला ते पटत नाही.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून या गाड्या बनवल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. (येझदी हे नाव इराणातल्या यझ्द शहरावरून आलं. उर्दूच्या मास्तरला एवढं सांगू द्या.) तिच्या जुन्या मॉडेलात पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. म्हणून आधी प्लग काढा. काळा, ओला निघाला तर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय किंवा ठिणगी दुबळी आहे. मग पॉइंटची फट फिलर गेजने मोजा, ०.४ मिलिमीटर हवी. घासून साफ केलेले पॉइंट लगेच पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर गेला समजा. आमच्या पावसात प्लगकॅपमध्ये पाणी शिरतं, ते फडक्याने पुसलं तरी भागतं.

सीडीआय आलं आणि पॉइंट लावणारे उस्ताद कमी झाले. एवढ्याशा कंडेन्सरपायी चांगली गाडी भंगारात जाते.